क्लोरोवरची ड्युटी

"लागली," समीर दारातूनच म्हणाला. चपला काढायच्या आधीच त्यानं पेढ्यांचा बॉक्स आईच्या हातात दिला. "बाबा, क्लोरोवर ड्युटी लागली. काल संध्याकाळी नोटिफिकेशन निघालं. पाच वर्षांसाठी."

शशिकांत बाल्कनीतून आत आले. "चीनच्या मालावर?"

"चीनच्याच. आता येऊ दे त्यांना आपल्या भावात."

समीरच्या मागून राजसी आली आणि सासूच्या हातातला बॉक्स उघडू लागली. रविवार होता. सगळे जेवायलाच जमायचे होते, पण समीर एवढ्या लवकर कधी यायचा नाही. बदलापूरहून, शिरगावातून निघून कानसईच्या या घरी पोचेपर्यंत त्याला एरवी दीड वाजायचा.

अनुया स्वयंपाकघराच्या दारात खाली बसून भिजवलेले वाल सोलत होती. तिचे हात थांबले.

"कुठल्या क्लोरोवर, दादा?"

"कुठल्या म्हणजे? क्लोरो एकच."

"आपण मागवतो त्यावर पण?"

समीर हसला. "आपण कशाला मागवू? आपण बनवतो."

"मी मागवते," अनुया म्हणाली. "मार्चपासून."

राजसीनं हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

एमआयडीसीतल्या त्यांच्या कंपनीत एका लांबलचक नावाच्या पांढऱ्या पावडरीला सगळे नुसतं क्लोरो म्हणायचे. औषधं बनवणाऱ्यांना लागणारा कच्चा माल. शशिकांतांनी नोकरी सोडून कंपनी काढली ती याच पावडरीवर, आणि घर, दोन मुलांची शिक्षणं, सगळं तिच्यावरच झालं. मग चीनचा क्लोरो यायला लागला. तो इतका स्वस्त होता की इथं तो बनवायला लागणारी सामग्रीच त्याहून महाग पडायची. तीनपैकी दोन रिॲक्टर बंद करावे लागले. जवळच्या बुवापाड्यातल्या कामगारांना घरी बसवावं लागलं. तेव्हापासून समीर कारखानदारांच्या असोसिएशनच्या लोकांबरोबर दिल्लीच्या चकरा मारत होता. हा माल मुद्दाम पडेल भावात आपल्याकडे ओततात, त्यावर वेगळी ड्युटी बसवा, एवढंच त्याचं मागणं होतं. ते मान्य झालं होतं.

अनुयाची लॅब त्याच कंपनीच्या मागच्या शेडमध्ये होती. अपस्माराच्या औषधाच्या शेवटून दुसऱ्या टप्प्यातला पदार्थ एका नव्या पद्धतीनं बनवायचं काम तिनं तिथं केलं. तसा तो भारतात आणखी कोणी बनवत नव्हतं. माल हैदराबादच्या एका कंपनीकडे जायचा आणि तिथून युरोपात. त्याची सुरुवात होती क्लोरोपासून, पण अगदी शुद्ध क्लोरोपासून. तो उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले व्यापारी गोपशेठ चीनहून आणून द्यायचे.

"आपला वापर ना मग," समीर म्हणाला. "घरचा माल आहे."

"घरच्या मालानं रंग येतो, दादा. पिवळा. आपल्या त्या जुन्या रिॲक्टरमध्ये जे थोडंसं राहून जातं, ते शेवटपर्यंत जात नाही. एवढ्यावरून औषध परत पाठवतात."

"मला कोणी बोललं नाही."

"मी बाबांना सांगितलं होतं."

सगळ्यांनी शशिकांतांकडे पाहिलं. ते खुर्चीवर बसले. पेढा त्यांच्या हातात तसाच होता.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "आणि समीरच्या अर्जावर सहीही मीच केली होती."

"मग, बाबा?"

"मग काय. दोन्ही वेळा मला बरोबरच वाटलं."

*

जेवताना शशिकांत कमी बोलत होते. वालाचं बिरडं त्यांचं आवडतं, पण ते भातात नुसतं कालवत राहिले.

उद्या दिल्लीचं पथक येणार होतं. संशोधनावर चालणाऱ्या निर्यात उद्योगांना सरकारकडून काय हवंय, ते समजून घ्यायला. असोसिएशनच्या हॉलमध्ये सभा होती, आणि जुने कारखानदार म्हणून पहिलं बोलायचं शशिकांतांनी. समीरनं चार मुद्दे लिहून दिले होते. त्यातला पहिला, ड्युटी लवकर लावा. आता ती लागलीच होती, तेव्हा आभार मानायचे.

त्यांना आपले सुरुवातीचे दिवस आठवत होते. तेव्हा बाहेरचा माल सहज येतच नसे. औषध दुसऱ्याचं असलं तरी ते वेगळ्या पद्धतीनं बनवायला कायदा आडवा येत नव्हता, म्हणून त्यांच्यासारखे केमिस्ट रात्रंदिवस पद्धती शोधत बसले. त्या काळात आपलं कोण आणि समोरचं कोण, हे कळायचं. मग दारं उघडली, पेटंटचा कायदा बदलला, आणि त्यांनी तेही निभावलं. पण गेल्या काही वर्षांत त्यांना कशाचाच नीट अंदाज लागत नव्हता. संशोधनावरच्या खर्चाला करात दुप्पट वजावट मिळायची, ती दीडपट झाली, मग जेवढ्यास तेवढी. अमेरिकेनं कर वाढवले, मग म्हणे कमी केले. युरोपशी करार होतोय म्हणे. संशोधनासाठी मोठा निधी काढलाय म्हणे, पण त्याच्या दारापर्यंत छोट्या कंपनीनं कसं पोचायचं, ते विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगायचा.

"यात एवढं घाबरण्यासारखं नाही," राजरत्न म्हणाला. अनुयाचा हा नवरा न्हावा शेवा बंदरात कस्टम्सची कामं करणाऱ्या फर्ममध्ये होता, त्यामुळे अशा वेळी सगळे त्याच्याकडे बघायचे. "निर्यातीच्या मालासाठी कच्चा माल आणला तर ॲडव्हान्स लायसन्स मिळतं. त्यावर ही ड्युटी माफ असते."

"बघ," समीर अनुयाला म्हणाला. "झालं."

"पण आपण थेट निर्यात करत नाही," अनुया म्हणाली. "हैदराबादला देतो. निर्यात ते करतात."

राजरत्न थांबला. "हां. तिथं जरा गडबड आहे."

"गडबड म्हणजे?"

"मी सकाळी दोघांना फोन केला. आमचे साहेब म्हणतात, ड्युटी भरावी लागेल, मग काही भाग परत मागता येईल. दुसरे एक कन्सल्टंट आहेत, ते म्हणतात माफ आहे, पण लिहून देणार नाहीत."

"तुला सकाळीच माहीत होतं?" अनुयानं विचारलं.

"मोबाईलवर आलं होतं. म्हटलं, आधी खात्री करू."

पद्मजाताईंनी जावयाच्या पानात भात वाढला. "घ्या, राजरत्न. भात गार होतोय."

"थेट निर्यात कर मग," समीर म्हणाला. "हैदराबाद कशाला पाहिजे मध्ये?"

"त्यांच्या नावावर युरोपात नोंद आहे. आपल्या नावावर करायची तर सगळी तपासणी नव्यानं. तेवढ्या वेळात ते दुसरीकडून घेतील. आणि चीनच्या त्या कारखान्याचं नावसुद्धा नोंदीत आहे, दादा. उद्या तू मला सोन्यासारखा क्लोरो करून दिलास तरी लगेच नाही वापरता येणार."

"म्हणजे मी ड्युटी आणली ती चूक?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हणालीस?"

अनुयाला स्वतःलाच ते कळत नव्हतं.

"चूक नाही," राजसी मध्येच म्हणाली. ती उल्हासनगरच्या एका बँकेत निर्यातदारांची कर्जं बघायची. "पण समीर, पाच वर्षांनी काय? ड्युटी निघाली की आपले रिॲक्टर परत बंद. तेव्हा आपल्याकडे दाखवायला काय असेल? अनुयाचंच काम असेल ना?"

समीरनं बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं या टेबलावर ती त्याच्या बाजूनं बोलत आली होती. निदान गप्प तरी राहायची.

"तू हे घरी नाही बोललीस."

"घरी तू विचारलं नाहीस."

शशिकांत उठले आणि हात धुवायला गेले.

*

राजरत्नचा फोन वाजला तेव्हा तो बाल्कनीत गेला. सुदाम होता, त्याच्या चुलत्याचा मुलगा. दोन नंबरच्या रिॲक्टरवर होता, घरी बसवलं त्यात तोही होता. आता एका इमारतीत वॉचमनचं काम करत होता.

"दादा, ऐकलं ते खरं काय? ड्युटी का काय लागली?"

"लागली."

"मंग आपला रिॲक्टर चालू होनार?"

"कोण म्हणालं?"

"सगळा पाडा बोलतोय. सरस्वतीकाकूनं तर पोराला सांगितलं बी, तुझा बाप परत कंपनीत चाललाय." सुदाम हसला. "फोन येनार का रे त्यांचा? का आपन जाऊन उभं राहायचं?"

"येईल फोन," राजरत्न म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं, आपण हे कशाच्या जोरावर सांगितलं?

त्याचे वडील रामभाऊ याच कंपनीचे पहिले ऑपरेटर. पहिली बॅच निघाली तेव्हा शशिकांत आणि रामभाऊ दोघंच हजर होते, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. पुढे त्याचं आणि अनुयाचं जमलं तेव्हा दोन्ही घरांत जे व्हायचं ते झालं, आणि मग हळूहळू सगळं निवळलंही. पण अजून बुवापाड्यात तो गेला की लोक त्याला मालकाचा जावई म्हणायचे, आणि इथं आला की त्याला आपण पाड्याच्या वतीनं बसलोय असं वाटायचं.

तो आत आला. अनुया वडिलांच्या समोर बसून त्यांचे मुद्दे वाचत होती.

"बाबा उद्या म्हणतील," ती त्याला म्हणाली, "की संशोधनावर निर्यात करणाऱ्यांना या ड्युटीतून सरसकट सूट द्या. माल थेट जावो की दुसऱ्यामार्फत. एवढं बोलले तरी पुरे."

"सरसकट सूट दिली तर ड्युटी उरत नाही," राजरत्न म्हणाला. "अनुया, मी रोज बघतो तिथं. एकदा असं दार ठेवलं की सगळे त्यातूनच आणतात. जो तो संशोधनवाला होतो."

"तू माझ्या बाजूनं आहेस ना?"

"आहे. पण ड्युटी राहायला हवी."

तिनं कागद खाली ठेवला. समीर सोफ्यावरून बघत होता. आपल्या बाजूनं कोण उभं राहिलं आणि कोण गेलं, याचा त्यालाही मेळ लागत नव्हता. बायको बहिणीकडे, मेव्हणा त्याच्याकडे. त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

"सुदामचा फोन होता?" अनुयानं विचारलं.

"हो."

"काय म्हणाला?"

"विचारत होता, आम्ही येऊन उभं राहू का म्हणून."



*

चहाच्या वेळी अनुया आईपाशी ओट्याला टेकून उभी राहिली.

"हैदराबादवाले म्हणतात, विशाखापट्टणमला या. त्यांचं एसईझेड आहे, निर्यातीसाठीचं खास क्षेत्र. तिथं आत आलेल्या कच्च्या मालाला ही ड्युटी लागतच नाही. लॅब देतात, छोटा प्लँट देतात. पद्धत आपली, नाव आपल्या कंपनीचंच राहील."

पद्मजाताईंनी आलं किसायचं थांबवलं. "हे आजचं?"

"दिवाळीपासूनचं. मी नाही म्हणत होते."

"आणि आता?"

"आता मला कळत नाहीये, आई. इथंच राहून करायचं म्हणून मी एवढी वर्षं मागच्या शेडमध्ये काढली. दादानं काही वाईट केलं नाही. सरकारनं पण नाही, बघायला गेलं तर. मग मला का जायला लागतंय?"

पद्मजाताई आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत होत्या. कारखान्यातलं त्यांना फारसं कळत नसे आणि तसं त्या सांगतही असत. पण मुलीचा चेहरा त्यांना कळत होता. सासरी जायच्या वेळी ती अशीच ओट्याला टेकून उभी होती. तेव्हा काय सांगायचं ते त्यांना सुचलं होतं. आज सुचत नव्हतं.

"समीरला थांबवायला सांगू का मी?" त्या म्हणाल्या.

"काय थांबवणार तो? देशाची ड्युटी आहे."

"तेही खरं." त्यांनी गॅस बारीक केला. "राजरत्न येतील?"

"नाही यायचा. आई-बाबा इथे आहेत त्याचे. महिन्यातून दोनदा ये-जा करू म्हणेल." अनुया थांबली. "मी अजून त्याला विचारलेलं नाही."

पद्मजाताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आल्याचा वास तिच्या कुर्त्याला लागला.

"आधी त्यांना विचार," त्या म्हणाल्या. "मला नंतर सांगितलंस तरी चाललं असतं."

*

हॉलमध्ये पंखे जोरात होते आणि माइक शिट्ट्या मारत होता. पथकात तिघं होते. मधल्या बाई मोठ्या हुद्द्यावरच्या दिसत होत्या आणि मन लावून ऐकत होत्या. शशिकांतांना त्यांचा राग येईना, त्यामुळे बोलणं आणखी अवघड झालं.

समीर डावीकडे बसला होता, अनुया उजवीकडे. समीरनं दिलेला कागद त्यांनी काढलाच नाही.

"क्लोरोवर ड्युटी लावलीत, त्याबद्दल आभार," ते म्हणाले. हिंदीत सुरुवात करून ते मराठीवर आले, आणि बाईंच्या शेजारचा अधिकारी त्यांच्या कानात सांगत राहिला. "माझ्या मुलानं ती मागितली होती. तिच्यामुळे आमचे दोन रिॲक्टर सुरू होतील. गेलेली माणसं परत येतील. त्याच ड्युटीमुळे माझ्या मुलीनं शोधलेली पद्धत इथं परवडणार नाही. ती निर्यातीची आहे. दोघंही एकाच गेटमधून कामावर येतात. मी दोघांच्याही कागदावर सही केली. आता तुम्ही मला विचारताय, काय हवं. मला खरंच सांगता येत नाही."

मागे कोणीतरी हसलं. कोणीतरी त्याला गप्प केलं.

"आप चाहते क्या हैं, सर?" बाईंनी नम्रपणे विचारलं. "ड्यूटी रहे या हटे?"

शशिकांतांनी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. अनुया उभी राहिली. माइकपर्यंत जायला तिला खुर्च्यांमधून वाट काढावी लागली.

"ड्युटी राहू द्या," ती म्हणाली.

समीरनं मान वर केली.

"पण ज्या दिवशी एका बाजूला ड्युटी लावता, त्या दिवशी दुसऱ्या बाजूला कोण कापलं जातंय, ते कोणीतरी बघायला हवं. जुना रिॲक्टर सुधारायला मला दोन वर्षं द्या. चांगल्या प्रतीचा क्लोरो इथंच होईल. मग चीनहून कोण मागवणार? पण रिॲक्टर बदलायचा तर पर्यावरणाची परवानगी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते, नव्या पद्धतीत घाण कमी होत असली तरी. त्या खर्चाला संशोधन म्हणायचं की दुरुस्ती, हे कर भरताना कोणी सांगत नाही. आणि दुसऱ्यामार्फत निर्यात केली तर माफी आहे की नाही, तेवढं लिहून द्या. दोघा जाणकारांनी मला दोन उत्तरं दिली आहेत."

बाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी पेन ठेवलं.

"पर्यावरण अलग मंत्रालय है," त्या म्हणाल्या. "टैक्स अलग. ड्यूटी की सिफ़ारिश एक विभाग करता है, लगाता दूसरा है. हम लोग रिपोर्ट में लिखेंगे." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "आपकी बात मैं समझ रही हूँ. किसके पास भेजूँ, यह सोच रही हूँ."

अनुयाला त्या खऱ्या वाटल्या. तिनं आभार मानले आणि ती जागेवर येऊन बसली. पुढचा वक्ता अमेरिकेच्या करांवर बोलू लागला.

बाहेर आल्यावर ती वडिलांना म्हणाली, "बाबा, मी विशाखापट्टणमला जाणार आहे. राजरत्नशी बोलले काल. तो इथेच राहील."

शशिकांत गाडीच्या दाराशी उभे राहिले. त्यांना रागवायचं होतं, पण कोणावर ते ठरेना.

"ड्युटी राहू द्या म्हणालीस की तू."

"हो. ती राहायला हवी. म्हणूनच जातेय."

*

दोन नंबरचा रिॲक्टर सुरू करायचा दिवस आला तेव्हा सुदाम आणि बाकीचे शिफ्टच्या बरेच आधी येऊन उभे होते. समीरनं नारळ फोडला. राजसीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. ती सासऱ्यांपाशी उभी होती.

अनुयाची लॅब खोक्यांत भरून झाली होती. ती पुढच्या शेडमध्ये आली आणि पॅनेलपाशी समीरच्या शेजारी उभी राहिली. आत ढवळणी फिरू लागली होती. इतके महिने बंद असलेल्या, रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये वाफ सोडली, तसा पाइप ठोकल्यासारखा वाजला आणि शांत झाला.

"बाबांशी बोललीस ना नीट?" समीरनं तापमानाच्या काट्यावरची नजर न हलवता विचारलं.

"बोलले."

"काय म्हणाले?"

"तिथल्या प्रत्येक बॅचचा नमुना पाठव म्हणाले. मी इथं बघीन म्हणाले."

समीर हसला आणि त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "मला वाटलं होतं, जाऊ नकोस, इथंच राहून सूट माग म्हणतील तुला."

"मलाही वाटलं होतं."

तापमान चढत होतं. एक जागा अशी यायची, जिथं ते झपकन वर जायचं. तिथं सांभाळावं लागे. दोघांनाही ते माहीत होतं.

"तुझी गाडी आहे ना संध्याकाळची?" समीर म्हणाला. "जा तू. मी बघतो."

अनुयानं ओढणी कमरेला घट्ट खोचली आणि थंड पाण्याच्या व्हॉल्व्हवर हात ठेवला.

"थांबते," ती म्हणाली. "हे स्थिर होऊ दे."